कोकराला चीक पाजायची नळी: दोन हंगाम वापरून

आमच्याकडे माडग्याळ जातीच्या चौदा मेंढ्या आहेत. गाव मंगळवेढ्याच्या दक्षिण अंगाला, जतच्या शिवेजवळ. मालक सोलापुरात एमआयडीसीत कामाला असतात, आठवड्याला घरी येतात. त्यामुळे रात्री मेंढी व्यायला लागली की शेडात मी आणि माझ्या सासूबाई, दोघीच. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं आणि मी लग्नाआधी मेंढीला हातसुद्धा लावला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी सोलापुरातून मी एक साधी वस्तू आणली. एक मऊ नळी आणि साठ मिलीची मोठी सिरिंज. जे कोकरू उभं राहून चोखू शकत नाही, त्याच्या पोटात चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, पोचवायला ती वापरतात. संचाचे तेव्हा २४० रुपये पडले. ती काय कामाची, कुठं कमी पडते आणि कधी हातात घ्यायचीच नाही, ते सविस्तर लिहिते, कारण ती माहीत नव्हती तेव्हा एक कोकरू माझ्या हातून गेलं.

ते असं झालं. त्या वर्षी एक पहिलारू मेंढी पहाटे व्याली. कोकरू जिवंत होतं, पण मान टाकलेलं. सडाला लावलं तर तोंडच हलेना. मी घरातलं बोंडलं आणलं, माझ्या लेकीला ज्यानं दूध पाजलं तेच. चीक काढला आणि तोंडात थोडा थोडा सोडत राहिले. वाटलं, जातोय आत. थोड्या वेळानं कोकरू घरघरायला लागलं, नाकातून पिवळा चीक आला आणि दुपारपर्यंत गेलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की गिळण्याची ताकद नसलेल्या कोकराच्या तोंडात काहीही ओतलं की ते फुप्फुसात उतरतं. मायेनंच ओतत होते मी. अजून ते बोंडलं मांडणीवर दिसलं की तेच आठवतं.

दुकान हैदराबाद रोडच्या बाजूला, जनावरांच्या औषधांचं. गावचा कांदा बाजार समितीत निघाला होता, त्या पिकअपमध्ये बसून गेले. जानेवारीत तिकडं कांद्याच्या गाड्यांची इतकी रीघ असते की शेवटचं अंतर मी चालतच गेले. दुकानदारकाकांना म्हटलं, कोकराला चीक पाजायची नळी द्या. त्यांनी नळी काढायच्या आधी मलाच विचारलं, "ताई, कोकरू उभं राहतंय का? तोंडात बोट घातलं तर चोखतंय का? अंग गरम हाय का?" मी म्हटलं, आत्ता कोकरू नाही, पुढच्या महिन्यासाठी नेऊन ठेवायची आहे. मग त्यांनी स्टुलावर बसवून, गुंडाळलेल्या पोत्याला कोकरू मानून, नळी कशी मापायची आणि कशी घालायची ते दोनदा करून दाखवलं. बिलाच्या मागं पेनानं लिहून दिलं: "गार कोकराला नळी नाही." ते बिल मी शेडातल्या खांबाला पिशवीत घालून टांगलंय. दुकानाबद्दल एवढं पुरे. बाकी दुकान लहान आहे, गर्दीत उभं राहायला जागा नाही, आणि दुपारी दीड ते चार बंद असतं.

आता वस्तू. नळी साधारण हातभर लांब, १४ नंबरची, पारदर्शक. टोक गोल आणि बंद, चीक बाहेर पडायला बाजूला दोन भोकं. टोक गोल असणं फार महत्त्वाचं, कारण कोकराचा घसा फार नाजूक असतो. दुसरं टोक सिरिंजच्या लांब नाकावर बसतं. सिरिंजवर आकडे ठळक आहेत, टॉर्चच्या उजेडातही वाचता येतात. एवढंच आहे सगळं. पण हे एवढंच त्या रात्री हाताशी होतं.

आमच्या टिकलीची ती रात्र. पांढऱ्या अंगाची मेंढी, कपाळावर तांबूस ठिपका, म्हणून टिकली. मेंढा लागल्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवते आणि तिथून १४७ ते १५० दिवस मोजते. सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती, माळावर वारा सुटलेला. संध्याकाळपासून टिकली पायानं माती उकरत होती, बसत होती, उठत होती. पावणेनऊला पहिलं कोकरू आलं, सरळ, दोन पाय आणि त्यावर टेकवलेलं नाक. टिकलीनं चाटून मोकळं केलं आणि अर्ध्या तासात ते सडाला लागलंसुद्धा. आत्याबाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "अजून हाय गं आत. जावळी हायती."

दुसरी पाणमोट फुटली. मग वीस मिनिटं, अर्धा तास, नुसत्या कळा. बाहेर नाक आणि एकच पाय. दुसरा पाय मागं राहिला होता. बांगड्या काढल्या, नखं कापलेलीच होती, कोपरापर्यंत साबण लावला. असा अडलेला पाय सोडवायचा तर आधी ओढायचं नसतं, आधी मागं सारायचं असतं. कळ थांबली की डोकं हळूच आत ढकललं, बोटांनी गुडघा शोधला, खूर तळहातात झाकून पुढं आणला. खूर झाकला नाही तर आतून पिशवी फाटू शकते. मग कळेबरोबर, खालच्या अंगाला, हळूहळू ओढलं. पुढचा पाय आहे की मागचा, याचा संशय आला तर खुरापासून वर पहिले दोन सांधे बघायचे. दोन्ही एकाच बाजूला वळले तर पुढचा, उलट-सुलट वळले तर मागचा. मला हे डॉक्टरांनी शिकवलं. आत्याबाईंना बोटांनीच कळतं.

नऊ चाळीसला कोकरू बाहेर. माती ओलावल्यासारखं मऊ आणि लुळं. नाकातला चिकटा पुसला, नाकपुडीत काडी फिरवली, घोंगड्यानं खसाखसा पुसलं तेव्हा एक शिंक आली. पूर्वी मागच्या पायांना धरून गरगर फिरवायचे, आत्याबाईंनी हात पुढं केलाच होता. मी नको म्हटलं, डॉक्टर त्याला मनाई करतात. ताणकाट्यावर पिशवीत घालून वजन केलं, दोन किलो सहाशे. नाळेला टिंचर आयोडीन लावलं.

आणि मग माझा हात सरळ नळीकडं गेला. चीक काढायचा, नळी घालायची, जीव वाचवायचा, डोक्यात एवढंच. आत्याबाईंनी कोकराच्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाल्या, "तोंड गार हाय. आधी ऊब दे." खांबावरचं बिलही तेच सांगत होतं. थर्मामीटर लावला तर ३६.२ अंश सेल्सिअस. नुकत्याच जन्मलेल्या धडधाकट कोकराचं अंग ३९ ते ४० असतं. ३७ च्या खाली गेलेल्या कोकराचं पोट चालत नाही, दिलेला चीक तसाच पडून राहतो किंवा उलटून फुप्फुसात जातो. बोंडल्याच्या वेळचं कोकरूही असंच गार असणार. त्याला तेव्हा सगळ्यात आधी ऊब हवी होती आणि मी त्याला चीक पाजत बसले होते.

दोन बाटल्यांत गरम पाणी भरलं, त्यांना फडकं गुंडाळलं, मध्ये कोकरू, वरून जुनी सोलापुरी चादर, आणि हे सगळं डालग्यात. डालगं टिकलीच्या तोंडासमोर ठेवलं. पहिलं कोकरू पिऊन निवांत झालं होतं, आणि आई दुसऱ्याला विसरेल ही भीती होती. म्हणून दुसऱ्याच्या अंगावरचा चिकटा तिच्या नाकाला फासला होता आणि ती डालग्याला नाक लावून घुमत होती. त्या आवाजानं मला जरा धीर आला. मेंढी असा बारीक, पोटातला आवाज फक्त आपल्या नव्या कोकरासाठी काढते.

तोवर आत्याबाईंनी चीक काढला. सडाच्या तोंडाला मेणासारखा बूच असतो, आधी दोन धारा मारून तो काढावा लागतो. कित्येक कोकरं केवळ त्या बुचामुळं उपाशी राहतात आणि आपल्याला वाटतं की मेंढीला पान्हाच नाही. चीक चुलीवर गरम करायचा नाही. केला तर खरवस होतो आणि त्यातलं जे कामाचं असतं तेच मरतं. वाटी गरम पाण्यात ठेवायची, बोट घातलं तर कोमट लागलं की बास. मग फडक्यानं गाळायचा, नाहीतर गुठळी नळीत अडकते.

साडेदहाला अंग ३८.१ झालं. कोकरानं मान उचलली. मग नळी.

कोकरू मांडीवर, मान आहे तशी सरळ, वर ताणलेली नाही. नळी आधी बाहेरूनच अंगावर धरून मापायची, नाकाच्या शेंड्यापासून शेवटच्या बरगडीपर्यंत, आणि तिथं खूण करायची. टोक कोमट पाण्यात बुडवायचं. तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून जिभेवरून आत सरकवायची, कोकरू गिळतं तशी ती आपोआप पुढं जाते. जोर लावायचा नाही. खोकला आला तर लगेच बाहेर. खुणेपर्यंत गेली की बाहेरचं टोक गालाजवळ धरायचं. श्वासागणिक वारा लागला तर नळी श्वासनलिकेत आहे, काढून पुन्हा घालायची. गळ्याला बोटं लावली तर श्वासनलिकेच्या बाजूला नळी वेगळी हाताला लागते, तेव्हा खात्री होते. मी हे सगळं तपासेपर्यंत आत्याबाई श्वास रोखून बसल्या होत्या.

सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा. वरून चीक ओतायचा आणि त्याला आपल्या वजनानं उतरू द्यायचा. किलोमागं ५० मिली धरतात, म्हणजे या कोकराला १३०. दोन भरलेल्या सिरिंजा आणि वर थोडा. पाच मिनिटं लागली. काढताना नळी बोटांनी दाबून धरायची, म्हणजे उरलेले थेंब घशात पडत नाहीत.

रात्री अडीचला पुन्हा एकदा दिला. सहाला मी चहा टाकायला आत गेले, परत आले तर ते उभं होतं, पाय फाकवून, आणि डोक्यानं आईच्या कासेला धडका देत होतं.

त्या कोकराला नळी दोनदाच लागली. हे मुद्दाम सांगते, कारण नळी सोपी आहे म्हणून चोखणाऱ्या कोकराला नळीनं पाजणारे लोकही मी पाहिलेत. कोकरू चोखत असेल तर नळीला हात लावू नका. चोखण्यानं आई-कोकराची ओळख पक्की होते, ते काम कुठल्याच नळीला येत नाही.

घाई मात्र हवी. मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून रोगाशी लढायची शक्ती मिळत नाही. जी मिळते ती चिकातून, आणि कोकराच्या आतड्यातली ती वाट साधारण चोवीस तासांत बंद होते, पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. पहिला चीक दोन तासांच्या आत पोटात पडला पाहिजे आणि पहिल्या दिवसभरात किलोमागं २०० मिलीपर्यंत. डॉक्टर आंत्रविषाराची लस व्यायच्या आधी तीन-चार आठवडे द्यायला सांगतात ती याचसाठी, आईला दिलेली लस कोकराला चिकातून पोचते.

दोन हंगामांत नऊ कोकरांना मी ही नळी लावली. सात जगली. एक दिवस भरायच्या आधीच आलं होतं, ते दुसऱ्या दिवशी गेलं. दुसरं पहाटे शेडाच्या कोपऱ्यात सापडलं, रात्री कधी झालं कळलंच नाही. जन्मून पाच तासांच्या वर गेले असतील तर गार कोकराला नुसती ऊब देणंही धोक्याचं असतं, कारण अंगातली साखर संपलेली असते. आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि ते डॉक्टरचंच काम. जनावरांच्या डॉक्टरांच्या १९६२ या नंबरला फोन केला, पथक आलं, इंजेक्शन दिलं, पण उशीर आमच्याकडूनच झाला होता. तेव्हापासून व्यायच्या दिवसांत मी बाज शेडातच टाकते.

आता कमी काय आहे ते. नळीवर मापाची एकही रेघ नाही. प्रत्येक कोकराला नव्यानं मापावं लागतंच, पण अंधारात, ओल्या हातानं, बोटानं धरलेली जागा सरकते. मी तीन किलोच्या कोकराच्या मापाला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय आणि त्यावरून कमी-जास्त करते. पाकिटातली माहिती मराठीत नाही, बारीक अक्षरात आहे, आणि गार कोकराची सूचना त्यात कुठंही नाही. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. दुकानदारकाकांनी बिलावर लिहिलं नसतं तर त्या रात्री मी ३६.२ च्या कोकराला नळी घातली असती. बनवणाऱ्यांनी ती एक ओळ, मोठ्या मराठी अक्षरात, पाकिटावर छापावी.

थंडीत नळी कडक होते, आधी कोमट पाण्यात ठेवावी लागते. सिरिंजचा रबर पहिल्या हंगामानंतर अडकायला लागला. दट्ट्या काढूनच वापरायचा असल्यानं फार बिघडलं नाही, पण नळीत गुठळी अडकली तर पाणी मारून काढायला तो लागतो. धुताना आधी गार पाणी, मग गरम पाणी आणि साबण. आधीच गरम पाणी घातलं तर चीक आतून चिकटून बसतो. मी दर हंगामाला नळी नवी घेते, सुटी ६० रुपयांना मिळते. जुनी आतून पिवळी पडली की कितीही धुवा, वास जात नाही.

दोन दुसऱ्या गोष्टीही वापरून पाहिल्या. माणसांच्या मेडिकलमधली तान्ह्या बाळाची ८ नंबरची नळी स्वस्त पडते, पण मेंढीचा पहिला चीक मधासारखा दाट असतो, तो तिच्यातून उतरतच नाही. आणि एकदा घरपोच मागवलेला संच आला, त्याच्या नळीचं टोक कापल्यासारखं धारदार निघालं. बोटावर फिरवलं तर ओरखडा उठला. तो परत घेतला नाही कुणी, मी फेकून दिला. म्हणून दुकानात जाऊन, टोकावर बोट फिरवून, सिरिंजवर नळी घट्ट बसते का बघूनच घ्या.

माडग्याळला बहुतेक एकच कोकरू होतं, जावळं अधूनमधून. पण आमच्या शेजारी फलटणच्या निंबकर संस्थेची सुवर्णा जातीची मेंढरं आहेत. त्यांच्यात बंगालच्या गारोळ मेंढीचा जावळ्यांचा जनुक आणलेला आहे. तिथं जावळी नेहमीचीच, आणि जावळ्यांत एक तरी लहानखुरं निघतंच. ज्यांच्याकडं अशी मेंढरं आहेत त्यांनी दोन संच ठेवावेत. शिवाय ज्या मेंढीचं कोकरू मेलं तिचा चीक छोट्या पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. वितळवताना पुन्हा तेच, कोमट पाण्यात, चुलीवर नाही.

पाचपैकी चार गुण देईन. एक गुण मराठी सूचनेसाठी राखून ठेवलाय.

आत्याबाई अजूनही नळीला हात लावत नाहीत. पण रात्री मी कोकरू मांडीवर घेतलं की त्या समोर बसतात, तोंडात बोट घालून बघतात आणि "हं, आता घाल" म्हणतात. त्यांनी म्हटल्याशिवाय मी घालत नाही. थर्मामीटर नंतर लावते आणि तो आजवर त्यांच्याच बोटाच्या बाजूनं निघालाय.

त्यांची भाची अजून मेंढरांचा वाडा घेऊन फिरते, दिवाळीनंतर खाली भीमेकडं उतरतात ते लोक. परवा सोलापूरला गेले तेव्हा तिच्यासाठी एक संच घेतला. टोकावर बोट फिरवून पाहिलं, लाल चिकटपट्टी लावली आणि काकांकडून बिलामागं तीच ओळ पुन्हा लिहून घेतली. तिला वाचता येत नाही, म्हणून खाली त्यांनी कोकराच्या तोंडात बोट घातलेलं चित्रही काढून दिलं.